न मागता देणाऱ्याची परीक्षा

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून आमच्या मखमलाबादच्या घरी आरोहीच्या शिक्षणाचा नवा उपक्रम सुरू झाला. तो ईश्वरकृपेने सिद्धीस जावो, एवढे मागून ही वही उघडतो.

आरोही माझी नात, वय वर्षे साडेचार. ती बोलत नाही. काही हवे झाले की किंचाळते, आणि किंचाळूनही मिळाले नाही की स्वतःचे मनगट चावते. डॉक्टरांनी या अवस्थेस स्वमग्नता म्हटले. तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी मनातून सुखावलो होतो. कारण चाळीस वर्षे मी ज्या ग्रंथांत वावरलो, त्यांत स्वतःत मग्न होणे ही साधकाची शेवटची पायरी आहे. सूनबाईला तसे समजावूनही सांगितले. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

सूनबाई अंजली रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तिची बिनपगारी रजा फेब्रुवारीअखेर संपते. चिरंजीव दीपक सातपूरच्या कारखान्यात पाळीने जातो, आणि माझी पत्नी सिंधुबाई दिवसभर पंचवटीत आमच्या हारांच्या दुकानावर असते. म्हणजे मार्चपासून दुपारी आरोहीजवळ मी एकटा. अंजलीने काल जेवताना स्पष्ट सांगितले, "बाबा, तुम्हाला हे सगळं जमलं तर आम्ही इथेच. नाही जमलं तर मी आरोहीला घेऊन पुण्याला आईकडे जाते. तिथे दिवसभराचं सेंटर आहे." ती हे रागाने बोलली नाही, हेच मला अधिक लागले.

दहा वाजता शिक्षिका आली. मी स्वच्छ धोतर नेसून, पाट मांडून एखाद्या प्रौढ विदुषीची वाट पाहत होतो. आली ती हेल्मेट घातलेली पंचविशीतली मुलगी. नाव सुवर्णा, चांदवडकडच्या कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याची लेक. तिच्या पिशवीतून साबणाचे फुगे, भिंगरी आणि बेदाण्यांची पुडी निघाली. ग्रंथ एकही नाही.

"आजोबा, आरोहीला तहान लागली की ती काय करते?"

"तिला तहान लागतच नाही," मी म्हणालो. "त्याआधीच मी पाणी देतो."

"आणि भूक?"

"तीही नाही."

तिने वहीत काही लिहून घेतले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही घरात असलात तर तिला काही मागायची गरजच पडणार नाही."

मी हात जोडले. तीस वर्षे मी घरातल्या बाळकृष्णाला उठवतो, न्हाऊ घालतो, जेवू घालतो, निजवतो. त्याने कधी मागितले नाही, आणि मी कधी मागू दिले नाही. तीच सेवा मी नातीची करतो. परक्या मुलीला हे पहिल्याच दिवशी दिसावे, याचे समाधान वाटले.

बुधवार, ८ जानेवारी

पद्धत अशी. जी वस्तू आरोहीला प्रिय, ती तिला दिसेल पण हाती लागणार नाही, अशी ठेवायची. बेदाणे काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. पाण्याची बाटली फळीवर. झोपाळ्याच्या कड्या वर अडकवलेल्या. प्रत्येक वस्तूच्या छायाचित्राचे एक कार्ड, आणि ती सगळी कार्डे एका वहीवर चिकटवलेली. आरोहीने कार्ड काढून आपल्या हातात दिले, की वस्तू तत्क्षणी द्यायची आणि टाळी वाजवून "छान!" म्हणायचे. न दिल्यास उघडा तळहात पुढे धरून पाच सेकंद थांबायचे. "काही न करता थांबायचं," हे सुवर्णाने तीन वेळा सांगितले. तीनही वेळा ती माझ्याकडे पाहत होती.

भरल्या बरणीसमोर लेकरू उभे, आणि मोठी माणसे झाकणावर हात ठेवून सेकंद मोजतात! मला तर हे पाप वाटते.

शनिवार, ११ जानेवारी

मार्ग सापडला. बरणीतले बेदाणे मला देता येत नाहीत. परंतु देवापुढे ठेवलेला बेदाणा हा प्रसाद होतो, आणि प्रसाद रोखून धरावा असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. आज बाळकृष्णाला बेदाण्यांचा नैवेद्य दाखवला. आरोही प्रसादाला आली. पुन्हा दाखवला, पुन्हा आली. तिला देवघराची गोडी लागते आहे.

बुधवार, १५ जानेवारी

सुवर्णा चिंतेत होती. "अंजलीताई, ही बरणीकडे ढुंकून बघत नाही. घरात दुसरीकडून कुठे बेदाणे मिळतायत का?"

मी पोथीचे पान उलटले.

संक्रांतीची गर्दी उरकल्यामुळे सिंधुबाई काल दुपारपासून घरी होती. ती म्हणाली, "काल ह्यांनी देवाला सतरा येळा निवद दाखवला. मी मोजलं ना. सण असला म्हून काय झालं? देवाचं पोट हाय का कणगी?"

"बाबा, सतरा?" अंजली म्हणाली.

"तो माझा आणि त्याचा विषय आहे."

सुवर्णा हसली नाही, हे तिचे सौजन्य. "आजोबा, तिच्या बाजूने बघा. इतकं सोपं दुकान घरात उघडं असताना ती आईला कार्ड कशाला देईल? उद्यापासून नैवेद्य एकदाच दाखवा. आणि तोही ती झोपल्यावर."

चांदवडची मुलगी माझ्या देवाच्या जेवणाची वेळ ठरवते आहे.

त्याहून दुःखद ते पुढे घडले. सिंधुबाई बरणीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "यात अवघड ते काय? गिऱ्हाईक टोपलीकडं बघतं, मी गिऱ्हाइकाकडं बघते. ते तोंड उघडंपर्यंत मी हार उचलत नाय." तिने तळहात पुढे धरला. आरोहीने तिच्याकडे पाहिले, बरणीकडे पाहिले आणि कार्ड काढून हातात ठेवले. सिंधुबाई सातवीपर्यंत शिकलेली आहे.

सोमवार, २० जानेवारी

पाच सेकंद म्हणजे अनुष्टुभाचे दोन चरण, सावकाश म्हटलेले. ते मनात म्हणायचे आणि मगच द्यायचे, असे ठरवले. पहिल्या खेपेस पहिल्या चरणाच्या पाचव्या अक्षराला माझा हात बरणीत होता. दुसऱ्या खेपेस सहाव्या.

"आजोबा, एक हात पुढे, दुसरा पाठीमागे," सुवर्णा म्हणाली. चाळीस वर्षे मी वर्गातल्या मुलांना असे उभे केले. त्यांची क्षमा मागण्याची इच्छा झाली.

चौथ्या खेपेस दोन्ही चरण पूर्ण झाले. आरोहीने कार्ड दिले नाहीच, मनगट मात्र चावले नाही. "छान थांबलात, आजोबा!" असे सुवर्णा म्हणाली, आणि त्याच क्षणी अंजलीने माझ्यापुढे आल्याचा चहा ठेवला. मी मागितला नव्हता.

शनिवार, २५ जानेवारी, एकादशी

अंजलीच्या स्वभावात अलीकडे सात्त्विक पालट दिसतो. आज मी तीनदा नीट थांबलो, आणि योगायोगाने तीनही वेळा चहा आला. दुपारी एकदा पाणी मागण्याआधीच आरोहीच्या हाती बाटली दिली गेली. त्यानंतर चहाची वाट पाहिली, तर दूध नासल्याचे कळले. एकादशीला दूध लवकर नासते की काय, कोण जाणे. सिंधुबाई पदराचा बोळा तोंडात घालून आत गेली. तिला अलीकडे वरचेवर हसू येते.

बुधवार, २९ जानेवारी

लिहिताना संकोच वाटतो. जपासाठी मी बोटात एक यंत्र घालतो. कळ दाबली की आकडा एकाने वाढतो. आरोहीच्या वाणीसाठी मी लक्ष जपाचा संकल्प सोडला आहे, घरात कोणास सांगितलेला नाही. सुवर्णाकडेही हुबेहूब तसेच यंत्र आहे. दुपारी आरोही दोन तास माझ्याजवळ असते, तेव्हा तिने मनगट चावले की दर वेळी ते यंत्र दाबायचे, असे काम सुवर्णाने मला दिले. दोन्ही यंत्रे देवघरातल्या एकाच फळीवर होती. पुढचे सांगायला नको, पण सांगतो.

संध्याकाळी अंजली तक्ता भरायला बसली आणि ओरडली, "बाबा! अकराशे चार वेळा चावलं?" तिने आरोहीचे मनगट उजेडात धरून पाहिले. मनगट स्वच्छ. सुवर्णाला फोन लागला. "ताई, मिनिटाला नऊ वेळा होतात हे," ती म्हणाली. "आजोबा त्या वेळी काय करत होते ते विचारा."

मग संकल्प सांगावा लागला. माझे जपाचे यंत्र पाहिले तर त्यावर आकडा सात.

"सातदाच नाव घेतलं देवाचं?" सिंधुबाई म्हणाली. "बाकीचा टाइम झोपले व्हते का?"

कोणाला सांगितले नाही ते इथे लिहितो. सात हा आकडाही खरा नसावा. जप करताना माझे डोळे मिटलेले असतात. आरोहीने खरोखर किती वेळा चावले, हे एक देवच सांगू शकेल; आणि त्याला तर मी त्या वेळी हाका मारण्यात गुंतवून ठेवले होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज अंजली बँकेत गेली होती. आरोही किंचाळू लागली. मी उघडा तळहात धरला, दोन चरण म्हटले, चार म्हटले. मग धीर सुटला. पाणी दिले, तिने लोटले. बेदाणे दिले, तिने फेकले. झोपाळ्यावर बसवले, उतरली. देवाची घंटी दिली, पोथीची रेशमी दोरी दिली, शेवटी पोथीसुद्धा दिली. मनगटावर दातांच्या खुणा उठल्या. तीस-चाळीस मिनिटे झाली असतील.

अंजली आली. तिने आरोहीच्या नव्या झग्याचा गळा उलटून आतली चिठ्ठी कात्रीने कापली. टोचत होती. आरोही शांत झाली.

साडेचार वर्षे मी धरून चाललो होतो की, या मुलीच्या मनातले मला तिच्याआधी कळते. मला बेदाणे कळत होते. बाळकृष्णाने आजवर एकही तक्रार केलेली नाही. ती तक्रार नव्हती म्हणून, की मी कधी विचारले नाही म्हणून? हा प्रश्न एका भक्ताने वहीत लिहावा का, हेही मला कळत नाही. लिहिला आहे. खोडत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मंदिरात दुपारी तासभर पोथी वाचण्याचे माझे आसन आजपासून दुसऱ्या वाचकाकडे दिले. एकतीस वर्षे झाली होती. दुपारी बारा ते पाच मी आता घरी.

श्रोत्यांपैकी साळूबाई म्हणाल्या, "गुरुजी, नव्या वाचकाचं लवकर आटपतं हो." त्या हे दुःखाने म्हणाल्या असाव्यात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आरोही आता आईला दिवसात वीस-वीस कार्डे देते. आजीला देते. दीपकला देते, तो तर घरात असतो किती! मला मात्र एकही नाही. मी तळहात धरून बसलो की ती माझ्या बाजूने निघून जाते आणि अंजलीला शोधते.

"तिचं काय चुकत नाही, आजोबा," सुवर्णा म्हणाली. "तुमच्याकडे मागावं लागतं, हे तिने आजवर कधी बघितलंच नाही."

शुक्रवारी तिच्या वरिष्ठ मीनाताई येणार. एक तास मी आणि आरोही, तिसरे कोणी नाही. त्या कोपऱ्यात बसून नोंद करणार. त्या तासात आरोहीने आपण होऊन मला किमान तीनदा मागितले पाहिजे. तसे झाले तर अंजली निर्धास्तपणे कामावर जाईल. न झाल्यास रविवारी पुणे. अंजलीच्या आईने तिथली खोली रिकामी करून ठेवली आहे, असे आज फोनवर ऐकले. मी ऐकावे अशा रीतीने ते बोलणे झाले नव्हते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

परीक्षा चार वाजता सुरू झाली. चाळीस वर्षे मी इतरांची घेतली. परीक्षार्थीचे तळवे इतके घामेजतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

सुवर्णाने बजावले होते, "आजोबा, प्रवचन नको. समजावणं नको. फक्त थांबा." म्हणून तासभर मौन धरायचे ठरवले. जमिनीवर मांडी घालून बसलो. मधे कार्डांची वही. बरणी माझ्याजवळ. पाण्याची बाटली मीनाताईंनी खालच्या फळीवर ठेवली होती. तिचे झाकण आरोहीला उघडत नाही. आरोहीने ती बाटली उचलली, छातीशी धरली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

दहा मिनिटे गेली. वीस. तीस. मीनाताईंचे पेन एकदाही हलले नाही. दाराआड अंजली उभी होती, तिची सावली दिसत होती. माझा हात बरणीकडे दोनदा गेला. दोनदा मी तो परत आणून मांडीखाली दाबून ठेवला. खरे सांगायचे तर मी प्रार्थनाही केली नाही. तेवढ्यापुरते काही मागण्याचेही भय वाटत होते.

आणि त्याच वेळी, आज दुकान बंद ठेवून घरी थांबलेल्या सिंधुबाईने स्वयंपाकघरात हिरव्या मिरचीची फोडणी दिली.

ठसका असा लागला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी समोर, आरोहीच्या कुशीत. तिच्या हातून बाटली काढून घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. अंजली धावत येणार, तोच सुवर्णाने तिला धरले असावे. सावली मागे सरली. मौन होते, शिवाय आवाज फुटतही नव्हता. समोर वही दिसली. मी पाण्याचे कार्ड उचकटले, गुडघ्यांवर सरकत आरोहीच्या पुढ्यात गेलो आणि ते तिच्यापुढे धरले.

तिने कार्डाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. इतका वेळ, इतके सरळ तिने माझ्याकडे पूर्वी पाहिल्याचे मला आठवत नाही. आणि तिने बाटली दिली नाही. ती थांबली.

मी खोकत होतो आणि मोजत होतो. पहिला चरण. दुसरा चरण.

तेव्हा तिने कार्ड घेतले, बाटली माझ्या हातात ठेवली आणि टाळी वाजवली.

मी झाकण उघडले, प्यालो. डोळे पुसतो आहे तोवर तेच कार्ड माझ्या तळहातावर येऊन पडले. मी तत्क्षणी पाणी दिले, टाळी वाजवली. "छान" म्हणायला गेलो तर ठसका लागला. मग बेदाणे. मग पुन्हा बेदाणे. मग ती उठली, वहीपाशी गेली, झोपाळ्याचे कार्ड काढले आणि खोलीच्या त्या टोकापासून चालत येऊन मला दिले. वाटेत मीनाताई बसल्या होत्या. त्यांना नाही दिले.

पाच वाजले. मीनाताईंनी चष्मा काढला. "आरोहीचे चार झाले. पुढच्या तीन महिन्यांचा कार्यक्रम घरीच चालू द्या. पण सुवर्णा, सगळ्यात आधी आजोबांनी मागितलं ना, ते मी कुठे लिहू? त्याला रकानाच नाही."

"त्यांचा तक्ता वेगळा आहे, मॅडम," सुवर्णा म्हणाली. "जानेवारीपासूनचा. माझ्याकडे आहे."

माझा कसला तक्ता, हे विचारायचे राहून गेले. तेवढ्यात अंजलीने चहा आणून ठेवला. तिला काही बोलायचे होते, पण ती आधी फोनकडे गेली. "आई," तिचा आवाज ऐकू आला, "आम्ही येत नाही. हो, नक्की. अगं, बाबांना जमलं."

सिंधुबाई कढई घेऊन दारात उभी होती. "मिरच्या लय तिखट निघाल्या का वो?"

सोमवार, ३ मार्च

अंजली नऊ वाजता कामावर गेली. दारातून दोनदा परत आली. एकदा डबा विसरला म्हणून, एकदा काहीच विसरले नव्हते म्हणून.

दुपारी आरोही आणि मी. तिने मनगट दोनदा चावले. डोळे उघडे ठेवून मोजले आहे. तिने अकरा वेळा मागितले, अकराही वेळा दिले. मी तीनदा मागितले. पाणी मिळाले. चष्मा मिळाला. तिसऱ्या वेळी मी बेदाण्यांचे कार्ड पुढे केले. तिने ते नीट पाहिले, थांबली, माझ्याकडे बघत बेदाणे स्वतः खाल्ले आणि माझ्यासाठी टाळी वाजवली.